सर्व्हरवरून फाइली उडू नयेत म्हणून: सीए ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरला परमिशन कशी लावावी

मी कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यातल्या सीए ऑफिसांचे सर्व्हर सांभाळते. ऑफिसं फार मोठी नसतात. एक-दोन पार्टनर, चार-पाच पगारी माणसं, सात-आठ आर्टिकल (सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी मुलं) आणि कोपऱ्यात यूपीएसवर चालणारा एक विंडोज सर्व्हर. त्या सर्व्हरवर शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीचं स्टॉक स्टेटमेंट असतं, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचं जीएसटीचं वर्किंग असतं, कुणाच्या तरी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीपत्राचा स्कॅन असतो. टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची तारीख जवळ आली की ‘मॅडम, फोल्डर उडालं’ असे फोन सुरू होतात. आणि बहुतेक ठिकाणी सरांची, म्हणजे पार्टनरची, मागणी एकच असते: सगळ्यांची डिलीटची परमिशन काढून टाका.

मागणी रास्त आहे. पण एक टिक काढली आणि काम झालं, असं विंडोजमध्ये होत नाही. ते का होत नाही हे आधी नीट कळलं, तर पुढची मांडणी सोपी जाते. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

डिलीट नेमकं कुठून होतं

कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथून सिक्युरिटी, तिथून ॲडव्हान्स्ड उघडा. एखाद्या नावावर डबल क्लिक करा आणि उजवीकडच्या ‘शो ॲडव्हान्स्ड परमिशन्स’वर जा. तेरा-चौदा खणांची यादी दिसेल. त्यात डिलीटशी संबंधित दोन खण आहेत. एक साधं ‘डिलीट’. दुसरं ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’.

फाइल काढायला यातलं एक पुरतं. म्हणजे त्या फाइलवर स्वतः ‘डिलीट’ असलं तरी ती जाते, आणि फाइलवर काहीच नसलं पण ती ज्या फोल्डरात आहे त्यावर ‘डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स’ असलं तरीही जाते. अनेकजण महत्त्वाच्या फाइलवर रीड-ओन्ली परमिशन लावतात आणि निश्चिंत होतात, पण वरच्या फोल्डरवर सगळ्यांना फुल कंट्रोल दिलेला असतो. फुल कंट्रोलमध्ये तो दुसरा खण येतो. मॉडिफाय, म्हणजे वाचणं, लिहिणं आणि साधं डिलीट, यात तो येत नाही. म्हणून माझा पहिला नियम: ॲडमिन सोडून कुणालाही, अगदी सरांनासुद्धा, फुल कंट्रोल द्यायचा नाही. रोजच्या कामाला मॉडिफायच्या पुढे काही लागतच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फाइलचं नाव बदलणं आणि त्याच ड्राइव्हवर ती एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवणं, या दोन्हीला विंडोज डिलीटचीच परमिशन मागतं. ‘उडालेली’ बरीचशी फोल्डरं खरं तर शेजारच्या फोल्डरात जाऊन बसलेली असतात. माउसचं बटण दाबलेलं असताना हात हलला, फोल्डर वरच्या क्लायंटच्या आत गेलं, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला फोन आला की मी आधी सर्च करायला लावते, आणि बऱ्याचदा फोल्डर तिथेच कुठेतरी सापडतं.

तिसरी गोष्ट एक्सेलची. एक्सेलमध्ये जुनी फाइल उघडून सेव्ह केली की ते थेट त्या फाइलवर लिहीत नाही. त्याच फोल्डरात विचित्र आठ अक्षरी नावाची तात्पुरती फाइल बनवतं, त्यात सगळं लिहितं, जुनी फाइल काढतं आणि नव्या फाइलला जुनं नाव देतं. यात डिलीटही आहे आणि नाव बदलणंही. डिलीट काढून घेतलंत की सेव्ह होत नाही, आणि त्या आठ अक्षरी फाइली फोल्डरात साचत जातात. वर्डचीही पद्धत साधारण तशीच. म्हणजे ज्याला एक्सेलमध्ये काम करायचं आहे त्याला डिलीट द्यावंच लागतं. याला पळवाट नाही.

त्यामुळे मी ऑफिसच्या डेटाचे तीन भाग करते आणि प्रत्येकाला वेगळा उपाय लावते. फोल्डरांचा सांगाडा परमिशनने अडवायचा. रोज बदलणाऱ्या फाइलींना शॅडो कॉपीचा, म्हणजे सर्व्हरने ठरावीक वेळी काढून ठेवलेल्या जुन्या प्रतींचा, आधार द्यायचा. आणि सही होऊन संपलेलं काम अशा जागी ठेवायचं की तिथे वाचण्यापलीकडे कुणाला काही करताच येणार नाही.

माणसागणिक लॉगिन

याच्या आधी एक काम. बऱ्याच ऑफिसांत सगळ्या पीसींवर सर्व्हरचं एकच लॉगिन टाकलेलं असतं: युजर ‘ऑफिस’, पासवर्ड सगळ्यांना पाठ. असं असेल तर पुढचं काही वाचून उपयोग नाही, कारण सर्व्हरच्या दृष्टीने ऑफिसात एकच माणूस आहे. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. डोमेन (सगळी लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळण्याची सोय) असेल तर उत्तम. नसेल तर सर्व्हरवर लोकल युजर बनवा आणि पीसीवर तेच नाव, तोच पासवर्ड ठेवा. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेन नसलेल्या नेटवर्कवर, ते चालतं.

परमिशन मात्र कधीही माणसाच्या नावाने लावायची नाही. ग्रुप बनवायचे: स्टाफ, आर्टिकल, पार्टनर, आणि पगारपत्रक वगैरे बघणाऱ्यांचा एक छोटा ग्रुप. फोल्डरवर ग्रुपचं नाव, ग्रुपमध्ये माणसं. सीएंची संस्था असलेल्या आयसीएआयच्या २०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप तीनवरून दोन वर्षांवर आली, त्यामुळे मुलं आणखी लवकर बदलतात. प्रत्येक नव्या मुलासाठी शेकडो क्लायंट फोल्डरांवर नाव चढवायचं आणि जाताना उतरवायचं, हे कुणाच्याच हातून नीट होत नाही. ग्रुप असला की एका ठिकाणी नाव घातलं, संपलं. एवढं लक्षात ठेवा की ग्रुपमध्ये नाव घातल्यावर त्या माणसाने लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय बदल लागू होत नाही. ‘परमिशन दिली तरी उघडत नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आणि सर ‘माझ्या लॉगिनला ॲडमिन करून टाका’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. सरांच्या लॅपटॉपवर एखादं रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तर ते सरांच्या परमिशनने धावतं. ॲडमिनचं वेगळं लॉगिन बनवा, त्याचा पासवर्ड सीलबंद पाकिटात सरांकडेच द्या, पण रोजचं काम त्याने करू देऊ नका. मी हे नेहमी सरांसमोर बसून समजावते, आणि कारण कळलं की बहुतेकजण ऐकतात.

शेअर आणि सिक्युरिटी

एकाच फोल्डरला दोन ठिकाणी परमिशन असते: शेअरिंगच्या टॅबमध्ये आणि सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. वाड्याचा दिंडी दरवाजा आणि आतल्या खोलीचं दार, असं समजा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात, आणि दोन्हींत जी कडक असेल तीच शेवटी लागू होते.

शेअरवर ‘एव्हरीवन’ काढा. ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ला चेंज द्या, ॲडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल. बारीक नियंत्रण सगळं सिक्युरिटी टॅबमध्ये करायचं. शेअरवर फुल कंट्रोल न देता चेंज देण्यामागे कारण आहे. विंडोजमध्ये ज्याने फाइल बनवली तो तिचा ओनर, आणि ओनरला स्वतःच्या फाइलची परमिशन बदलण्याचा हक्क आपोआप असतो. तुम्ही कितीही विचार करून लावा, एखादा हुशार आर्टिकल आपल्या फाइलवर इतरांना बंदी घालू शकतो. शेअरवर चेंजच असेल तर नेटवर्कवरून येणाऱ्या ओनरलाही परमिशनला हात लावता येत नाही.

आता सिक्युरिटी. समजा डी ड्राइव्हवर ‘ऑफिसडेटा’ फोल्डर आहे. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा, म्हणजे वरच्या ड्राइव्हकडून परमिशन वारशाने येणं थांबतं. विंडोज दोन पर्याय देईल, त्यातला ‘कन्व्हर्ट’वाला निवडा, म्हणजे यादी कोरी होणार नाही. मग यादीतून ‘युजर्स’ आणि ‘क्रिएटर ओनर’ ही दोन नावं काढा. क्रिएटर ओनर लोकांच्या नजरेतून सुटतो. डी ड्राइव्हवर तो मुळातच असतो, आणि जो फोल्डर बनवेल त्याला त्या फोल्डरावर फुल कंट्रोल देऊन टाकतो. उरले सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स, दोघांना फुल कंट्रोल. त्यानंतर आपले ग्रुप घालायचे.

डिनायचा खण मी वापरत नाही. डिनाय सगळ्यांवर मात करतं असा समज आहे, पण वरच्या फोल्डरावरून वारशाने आलेला डिनाय खालच्या फोल्डरावर थेट दिलेल्या अलाऊपुढे हरतो. शिवाय एक माणूस दोन ग्रुपमध्ये असला की डिनायचा गुंता सोडवताना दिवस जातो. जे द्यायचं तेवढंच द्या. जे दिलं नाही ते नाहीच.

सांगाडा

माझी मांडणी अशी असते. ऑफिसडेटाच्या आत ‘चालू’, ‘आवक’, ‘सही झालेले’, ‘पार्टनर’. ‘चालू’मध्ये क्लायंटची फोल्डरं, त्यांच्या आत वर्ष, वर्षाच्या आत ठरलेले कप्पे: जीएसटी, इन्कम टॅक्स, ऑडिट, पत्रव्यवहार. क्लायंट, वर्ष आणि कप्पा हा सांगाडा. तो हलता कामा नये. कप्प्याच्या आत मुलांनी हवं ते करावं.

‘चालू’वर स्टाफ आणि आर्टिकल यांना ‘रीड अँड एक्झिक्यूट’ द्या. ‘ॲप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स’ राहू द्या. आता सगळ्यांना सगळं दिसतं, पण कुणाला काही बदलता येत नाही.

मग एका कप्प्यावर या, समजा ‘जीएसटी’. इथे त्याच ग्रुपच्या दोन नोंदी घालायच्या, आणि सगळी करामत या दोन नोंदींत आहे.

पहिली नोंद: ‘ॲप्लाइज टू’मध्ये ‘धिस फोल्डर ओन्ली’. खण: रीड अँड एक्झिक्यूट, आणि ॲडव्हान्स्डमधले ‘क्रिएट फाइल्स’ व ‘क्रिएट फोल्डर्स’. डिलीटचे दोन्ही खण रिकामे.

दुसरी नोंद: ‘ॲप्लाइज टू’मध्ये ‘सबफोल्डर्स अँड फाइल्स ओन्ली’. खण: मॉडिफाय.

याने ‘जीएसटी’ या कप्प्याच्या आत फाइल बनवता येते, बदलता येते, काढता येते, एक्सेल सुरळीत सेव्ह होतं. पण खुद्द कप्प्यावर कुणाला डिलीट नाही, त्याच्या वरच्या वर्षाच्या फोल्डरावरही नाही. त्यामुळे कप्पा हलत नाही, त्याचं नाव बदलत नाही. हात घसरून फोल्डर ओढलं गेलं तर विंडोज परमिशन नाही म्हणून थांबवतं.

यात एक मर्यादा आहे, ती सरांना आधीच सांगून ठेवा. कुणी कप्पा निवडून डिलीटचं बटण दाबलं आणि पुढच्या प्रश्नाला ‘येस’ म्हटलं, तर एक्स्प्लोरर आतून सुरुवात करतो. आतल्या फाइलींवर मॉडिफाय आहे, म्हणून त्या जातात. शेवटी रिकामा कप्पा उरतो आणि त्यावर परमिशन नसल्याचा निरोप येतो. ओढाओढीपासून ही मांडणी पक्कं संरक्षण देते. ठरवून केलेल्या डिलीटपासून देत नाही. त्यासाठी शॅडो कॉपी आहे.

शेकडो क्लायंटना हे हाताने करत बसू नका. एक ‘नमुना’ क्लायंट बनवा, त्याचे कप्पे, परमिशन सगळं नीट लावा, आणि नवा क्लायंट आला की त्याची प्रत काढा. पण प्रत एक्स्प्लोररमधून कॉपी-पेस्टने काढली तर परमिशन सोबत येत नाही, नव्या जागेची लागते. म्हणून कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी (विंडोजचीच कॉपी करण्याची कमांड) वापरा, ‘ई’ आणि ‘सेक’ हे दोन स्विच, म्हणजे कमांडपुढे लिहायचे पर्याय, लावून. ‘ई’मुळे रिकामी फोल्डरंही येतात, ‘सेक’मुळे परमिशन येते. नवा क्लायंट उघडण्याचं काम ऑफिसातल्या एकाच जबाबदार माणसाकडे ठेवा. त्यामुळे एकाच क्लायंटची तीन वेगवेगळ्या स्पेलिंगची फोल्डरं होणंही थांबतं, आणि त्याचा फायदा मला तरी परमिशनइतकाच मोठा वाटतो.

फाइलवर वेगळी परमिशन लावण्याच्या फंदात पडू नका. परमिशन फोल्डरला. एखादी फाइल इतरांनी बघू नये असं असेल तर ती फाइलच ‘पार्टनर’ फोल्डरात ठेवा. तिथे शेअरचं ‘ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन’ चालू करा. सर्व्हर मॅनेजरमध्ये शेअरच्या सेटिंगमध्ये ती टिक सापडते. ज्याला परवानगी नाही त्याला ते फोल्डर दिसतच नाही, आणि न दिसणाऱ्या फोल्डराबद्दल कुणी विचारतही नाही.

ओढाओढीवर आणखी एक छोटा इलाज पीसीवर करता येतो. विंडोज माउस चार पिक्सेल सरकला की ‘ड्रॅग’ सुरू झालं असं धरतं. चार पिक्सेल म्हणजे काहीच नाही, बोट थरथरलं तरी तेवढं होतं. रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, करंट युजरच्या ‘कंट्रोल पॅनेल’खाली ‘डेस्कटॉप’मध्ये ‘ड्रॅगहाइट’ आणि ‘ड्रॅगविड्थ’ अशा दोन किमती आहेत. त्या चाळीस-पन्नास करा, लॉगऑफ करून परत या. ज्या ऑफिसात वयस्क अकाउंटंट काका काम करतात तिथे मी हे आवर्जून करते. त्यांचा जीव भांड्यात पडतो.

सही झालेलं काम

इथे मात्र डिलीटची परमिशन खरोखर पूर्ण काढता येते, आणि काढलीच पाहिजे. ऑडिट रिपोर्टवर सही झाल्यावर साधारण ६० दिवसांत ऑडिट फाइल पूर्ण करून बंद करावी, आणि ती रिपोर्टच्या तारखेपासून किमान सात वर्षं जपावी, असं आयसीएआयची मानकं सांगतात. कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात, जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. एवढी वर्षं जपायची कागदपत्रं, आज आलेल्या आर्टिकलच्या माउसखाली उघडी पडलेली पाहिली की मला राहवत नाही.

‘सही झालेले’वर सगळ्या ग्रुपना, पार्टनर धरून, फक्त ‘रीड अँड एक्झिक्यूट’. मग फाइली आत कशा जाणार? ‘आवक’मार्गे. ‘आवक’वर सर्वांना मॉडिफाय. मुलं सही झालेल्या पीडीएफ आणि अंतिम एक्सेल तिथे टाकतात. रात्री टास्क शेड्युलर (ठरल्या वेळी काम चालवणारी विंडोजची सोय) एका वेगळ्या सर्व्हिस लॉगिनने रोबोकॉपी चालवतो आणि ‘मूव्ह’च्या स्विचने सगळं ‘सही झालेले’मध्ये नेतो. लिहिण्याची परवानगी त्या एका लॉगिनला, आणि त्याचा पासवर्ड ऑफिसात कुणी वापरत नाही.

रोबोकॉपी आधी प्रत काढतं आणि मग मूळ फाइल पुसतं, म्हणून नव्या जागेची कडक परमिशन फाइलला लागते. हाताने त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुनी सैल परमिशन घेऊनच येते, त्यामुळे ॲडमिन म्हणूनसुद्धा ओढून टाकू नका. त्याच नावाची फाइल आधीच आत असेल तर तिच्यावर लिहिलं जाऊ नये म्हणून ‘एक्ससी’, ‘एक्सएन’, ‘एक्सओ’ हे तीन स्विचही लावा. नाहीतर ‘आवक’मध्ये जुन्याच नावाने चुकीची फाइल टाकून सही झालेली फाइल बदलता येईल.

रोबोकॉपीचा ‘मिर’ नावाचा स्विच बॅकअपसाठी सर्रास सांगितला जातो. तो आरसा आहे: मूळ जागी जे नाही ते तो प्रतीतूनही काढून टाकतो. सोमवारी फोल्डर उडालं, रात्री ‘मिर’ धावला, मंगळवारी बॅकअपमध्येही फोल्डर नाही. बॅकअपची एकच प्रत असेल तर हा स्विच लावू नका.

टॅलीचा डेटा या सगळ्यापासून वेगळ्या शेअरमध्ये ठेवा. टॅली चालताना त्या फोल्डरात सतत लिहितं, पुसतं, म्हणून तिथे वापरणाऱ्यांना मॉडिफाय द्यावंच लागतं. तिथे भिस्त बॅकअपवर. आणि तो शेअर पीसीवर ड्राइव्ह म्हणून मॅप करू नका. डोळ्यांसमोर नसलेलं फोल्डर सहसा कुणी ओढत नाही.

शॅडो कॉपी

नेटवर्कवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. ना पीसीच्या, ना सर्व्हरच्या. हे ऐकून दर वेळी कुणीतरी चकित होतं. म्हणून सर्व्हरवर शॅडो कॉपी चालू करणं हे माझ्या मते परमिशनच्याही आधीचं काम आहे.

डी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शॅडो कॉपीज’चा टॅब आहे. तो विंडोज सर्व्हरवरच मिळतो. विंडोज ११ प्रोचा पीसी सर्व्हर म्हणून वापरत असाल तर हा टॅब नाही, आणि एका वेळी २० जोडण्यांची मर्यादाही आहे. सेटिंग्जमध्ये जागेची मर्यादा सढळ ठेवा, कारण जागा भरली की सगळ्यांत जुनी प्रत आपोआप जाते. वेळापत्रक बदला. मूळचं सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ आणि दुपारी १२ असं असतं. आपल्याकडे शनिवारी ऑफिस पूर्ण चालतं आणि सप्टेंबरात रविवारीही. मी सकाळी १० पासून रात्री ८ पर्यंत दर दोन तासांनी लावते, म्हणजे दिवसाला सहा. एका ड्राइव्हवर जास्तीत जास्त ६४ प्रती राहतात, त्यामुळे साधारण दहा दिवस मागे जाता येतं. ताशी लावलीत तर प्रती दाट येतात, पण मागे फक्त पाच-सहा दिवस उरतात. सुट्टीवरून परतलेल्या माणसाला आठवड्यापूर्वीची फाइल हवी असते, हे धरून ठरवा.

फाइल परत आणताना, ती ज्या फोल्डरात होती त्यावर राइट क्लिक, ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’, वेळ निवडा आणि ‘ओपन’ दाबा. ‘रिस्टोअर’ नाही. रिस्टोअर पूर्ण फोल्डरावर चालतं आणि सकाळपासून इतरांनी केलेलं काम जुन्या फाइलींखाली जातं. ओपन करून हवी ती फाइल कॉपी करा, नव्या जागी पेस्ट करा. अख्खं फोल्डरच नाहीसं झालं असेल तर त्याच्या वरच्या फोल्डराच्या प्रीव्हियस व्हर्जनमध्ये शोधा. हे मी प्रत्येक ऑफिसातल्या दोन माणसांना शिकवून ठेवते, म्हणजे माझी वाट बघावी लागत नाही.

शॅडो कॉपी बॅकअप नव्हे. ती त्याच सर्व्हरवर असते. डिस्क गेली की ती गेली, आणि रॅन्समवेअर सगळ्यांत आधी तीच पुसतं. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून पालटून, एक नेहमी ऑफिसच्या बाहेर, आणि बॅकअप झाला की वायर काढलेली. महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा.

कुणी केलं ते कळायला हवं

हे शिक्षेसाठी नाही. काय झालं ते कळलं की फाइल सापडते, आणि उगाच कुणावर आळ येत नाही. फोल्डर उडालं की ऑफिसातल्या सगळ्यांत नव्या मुलाकडे बोट जातं. मला ते आवडत नाही.

विंडोजचं ‘ऑडिट’ म्हणजे कुणी काय केलं याची नोंद. ती चालू करायला ग्रुप पॉलिसीत ‘ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी’खाली ‘ऑब्जेक्ट ॲक्सेस’, त्यात ‘ऑडिट फाइल सिस्टिम’, तिथे ‘सक्सेस’. मग ‘चालू’च्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत ‘ऑडिटिंग’च्या टॅबमध्ये एव्हरीवन घालून फक्त डिलीटचे दोन खण निवडा. वाचण्याचंही ऑडिट लावलंत तर लॉग तासाभरात भरेल. सिक्युरिटी लॉगचा आकार मूळचा अगदी लहान असतो, तो १ जीबीपर्यंत वाढवा.

आता इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, नोंदींचे दोन क्रमांक बघायचे, ४६६३ आणि ४६६०. ४६६३ मध्ये युजरचं नाव, फाइलचा पूर्ण पत्ता आणि ‘ॲक्सेसेस’समोर ‘डिलीट’ दिसतं. ४६६० म्हणजे वस्तू खरोखर पुसली गेली, पण त्यात फाइलचं नाव नसतं. दोन्हींतला ‘हँडल आयडी’ (त्या वेळी फाइल उघडल्याचा क्रमांक) जुळवायचा. ४६६३ आहे आणि त्याच हँडलचा ४६६० नाही, तर फाइल पुसलेली नाही, हलवलीये किंवा नाव बदललंय. एवढ्या एका फरकावर ‘बॅकअप काढा’ऐवजी ‘नीट सर्च करा’ असं ठामपणे सांगता येतं. कुठल्या पीसीवरून झालं ते हवं असेल तर ४६६३ मधला ‘लॉगऑन आयडी’ घ्या आणि तोच आयडी असलेला ४६२४ (लॉगिनची नोंद) शोधा. त्यात नेटवर्क ॲड्रेस मिळतो. आठ अक्षरी नावांच्या नोंदींकडे दुर्लक्ष करा, ते एक्सेलचं सेव्ह करणं आहे.

विंडोज सर्व्हर नसेल तर

नॅस बॉक्स (नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी) असेल तर प्रत्येक शेअरचं रिसायकल बिन चालू करा, ते रिकामं करण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा, आणि स्नॅपशॉटची सोय असेल तर तीही लावा. लिनक्सवर सांबा (विंडोज पीसींना फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्यातही रिसायकलचं मॉड्यूल आहे. तिथे लक्षात ठेवायचा नियम असा, की फाइल काढण्याचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या राइट परमिशनवर असतो. डिरेक्टरीवर स्टिकी बिट लावलं की प्रत्येकाला स्वतःच्याच फाइली काढता येतात.

आर्टिकल जाताना

शेवटच्या दिवशी लॉगिन डिसेबल करा, डिलीट करू नका. लॉगिनच काढून टाकलं तर जुन्या फाइलींच्या ओनरच्या जागी आणि परमिशनच्या यादीत नुसता लांबलचक आकडा उरतो, आणि वर्षभराने कुणाचं काय होतं ते कळत नाही. सगळ्या ग्रुपमधून नाव काढा. त्याच्या पीसीच्या डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये क्लायंटच्या फाइली राहिल्यात का ते त्याच्यासोबत बसून बघा आणि त्या ठरलेल्या कप्प्यात टाकायला लावा. नवीन आलेल्या मुलासाठी ॲडव्हान्स्डमधल्या ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ टॅबमध्ये त्याचं नाव टाकून ‘चालू’ आणि ‘सही झालेले’ दोन्ही तपासा. ‘सही झालेले’मध्ये डिलीटसमोर लाल फुली दिसली की त्याला कामाला बसवा.